ओसाड बेटाची अक्षर-संपत्ति

आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोंकाला केरी नांवाचा परगणा आहे. त्यांतील डिंगल हें द्वीपकल्प बोटाप्रमाणें अटलांटिक महासागरांत शिरलेलें आहे, आणि त्या बोटाच्या अग्रापुढें सहा बेटांचा एक लहानसा समूह आहे. त्यांपैकीं सर्वांत मोठ्या बेटाचें नांव ग्रेट ब्लास्केट. ‘सर्वांत मोठें’ हा शब्द येथें जपूनच घ्यावयाचा. कारण या बेटाची लांबी जेमतेम चार मैल आणि रुंदी अर्ध्या मैलाहून थोडी अधिक. १९१६ सालीं तेथील वस्ती सर्वांत अधिक होती. ती किती म्हणाल, तर १७६! आपल्याकडील एखाद्या बऱ्या घरच्या लग्नांत एका पंगतीला याहून अधिक पानें मांडावीं लागतात.

या बेटावर चर्च नव्हतें, दुकान नव्हतें, वैद्य नव्हता, धर्मगुरु नव्हता. आयर्लंडमध्यें क्वचितच आढळणारी गोष्ट म्हणजे मद्यगृहहि नव्हतें. असें असूनहि १९२९ ते १९३६ या आठ वर्षांत येथील तीन माणसांचीं आत्मचरित्रें प्रसिद्ध झालीं, आणि आज आयरिश भाषेच्या अर्वाचीन वाङ्मयाचा विचार तीं वगळून करतांच येत नाहीं. तिघांपैकीं एक कोळी, एक गृहिणी, आणि एक नुकताच पोलिसांत भरती झालेला तरुण. तिसरें पुस्तक निघाल्यावर सतरा वर्षांनीं बेट ओसाड पडलें. पुस्तकें जगलीं आणि गांव गेलें. हें कसें घडलें, आणि यांत वारसा राखला असें म्हणावयाचें कीं गमावला, हा प्रश्न विचार करण्यासारखा आहे.

बेटावरचा संसार

समोरच्या किनाऱ्यावर डनक्विन नांवाचें खेडें आहे. तेथील धक्क्यापासून बेट सुमारे तीन मैल दूर. अंतर थोडें; पण मधला समुद्र अत्यंत दगाबाज. १५८८ सालीं स्पेनच्या सुप्रसिद्ध आरमारांतील ‘सांता मारिया दे ला रोझा’ हें जहाज याच खाडींत बुडालें. बेटावरचीं माणसें मात्र हा समुद्र ‘नेव्होग’ नांवाच्या होडींतून ओलांडीत. लाकडाच्या पातळ पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणून बसविलेलें कॅनव्हास आणि वरून डांबर, एवढीच तिची रचना. ती इतकी हलकी असे कीं, किनाऱ्याला लागल्यावर तीन-चार माणसें ती उलटी करून डोक्यावर घेत व चालूं लागत. दुरून पाहणाऱ्याला एखादा मोठा काळा भुंगा डोंगर चढत असल्याचा भास होई. रविवारच्या प्रार्थनेला जावयाचें तरी नेव्होग, पिठाचें पोतें आणावयाचें तरी नेव्होग, आणि मृताला डनक्विनच्या दफनभूमींत पोंचवावयाचें तरी नेव्होगच.

गांव बेटाच्या पूर्व टोंकाला, वाऱ्याला पाठ देऊन वसलेलें. दगडी, ठेंगणीं घरें. त्यांच्या भिंती उतारांत अर्ध्याअधिक गाडलेल्या. पूर्वीं छपरें गवताचीं असत. त्या गवतांत कोंबड्या घरटीं करीत व अंडीं घालीत, आणि मुलें छपरावर चढून तीं गोळा करीत. चुलीला लांकूड नाहीं. कारण बेटावर झाड म्हणून नव्हतें. डोंगरावरची दलदलीची माती विटांसारखी कापून वाळवावयाची आणि गाढवांच्या पाठीवर टोपल्यांतून घरीं आणावयाची, हेंच त्यांचें सरपण. शेतांत बटाटे, खताला समुद्रांतलें शेवाळ. उरलेलें सारें समुद्राच्या हातीं : मासळी, शेवंडी, आणि वादळानें फुटलेल्या जहाजांतून वाहून आलेला माल. एकदां अशाच एका जहाजाचा चहा किनाऱ्याला लागला. चहा म्हणजे काय हें तेव्हां बेटावर कोणालाच ठाऊक नव्हतें. बायकांनीं त्याचा रंग करून लोकरीचे परकर रंगविले आणि उरलेला डुकरांपुढें टाकला! पुढें त्याच बेटाला चहावांचून दिवस काढणें अवघड झालें.

बेटाला एक ‘राजा’ही होता. अखेरच्या राजाचें नांव पॅट्रिक कीन. त्याच्याजवळ ना मुकुट ना सैन्य. गांवकऱ्यांनीं मानानें दिलेली ती पदवी; आणि या राजाचा नित्याचा व्यवसाय म्हणाल तर डनक्विनहून टपाल आणणें! पाहुणा आला तर तो राजाच्या घरीं उतरे. रात्रीं ठराविक घरांत मंडळी जमे. एका घराला तर लोक थट्टेनें ‘पार्लमेंट’च म्हणत. तेथें जगांतील लढायांपासून शेजाऱ्याच्या गाढवापर्यंत प्रत्येक विषयावर वाद होई, आणि वाद संपला कीं जुन्या वीरांच्या कथा निघत. त्या कथा कोणींहि वाचलेल्या नव्हत्या. त्या आज्यांकडून नातवांकडे ऐकतां ऐकतां आलेल्या होत्या.

ऐकणारीं माणसें

येथें आयरिश भाषेची तत्कालीन स्थिति सांगितली पाहिजे. १८४५ नंतरच्या भयंकर दुष्काळांत आयर्लंडमधील सुमारे दहा लक्ष माणसें मृत्युमुखीं पडलीं आणि तितकींच देश सोडून गेलीं. त्यांत आयरिश बोलणाऱ्या गोरगरिबांची संख्या फार मोठी होती. शाळांतून शिक्षण इंग्रजींत, कचेरी इंग्रजींत, अमेरिकेचें तिकीट इंग्रजींत. आईबापांनाच वाटूं लागलें कीं, आपली भाषा म्हणजे आपल्या दारिद्र्याची खूण आहे. ब्लास्केटवर १८६४ सालीं शाळा निघाली तीहि इंग्रजीच. पण समुद्राच्या कुंपणामुळें घरांतील भाषा मात्र तशीच राहिली.

ती ऐकण्यासाठीं १९०७ सालीं कार्ल मार्स्ट्रांडर हा नॉर्वेचा तरुण भाषापंडित बेटावर येऊन राहिला. त्याच्या मागोमाग १९१० सालीं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील रॉबिन फ्लॉवर आला. हा पुढें वर्षानुवर्षें उन्हाळ्यांत येत राहिला. बेटकऱ्यांनीं त्याच्या आडनांवाचें भाषांतर करून त्याला ‘ब्लाहीन’ म्हणजे ‘लहानसें फूल’ असें नांव दिलें. १९४६ सालीं तो वारला, तेव्हां त्याची रक्षा या बेटावरच विखुरण्यांत आली. १९२३ सालीं केंब्रिजचा विद्यार्थी जॉर्ज टॉमसन आला. हा पुढें बर्मिंगहॅम येथें ग्रीकचा प्राध्यापक झाला. होमरचीं काव्यें लिहिण्याआधीं तीं बोललीं कशीं जात असतील हें आपणांस ब्लास्केटच्या ओट्यांवर बसून कळलें, असें तो मानी.

या विद्वानांचा मोठेपणा त्यांच्या विद्वत्तेपेक्षां त्यांच्या वर्तनांत होता. त्यांनीं या कोळ्यांना शिकविण्याचा आव आणला नाहीं; ते त्यांच्यापुढें विद्यार्थी म्हणून बसले. ज्या भाषेची आपल्याच शाळेंत उपेक्षा होते, ती शिकण्यासाठीं परदेशचे पंडित समुद्र ओलांडून येतात, हें पाहिल्यावर बेटकऱ्यांची आपल्या शब्दांकडे पाहण्याची दृष्टि बदलली.

कोळी, गृहिणी आणि तरुण

मार्स्ट्रांडर आणि फ्लॉवर या दोघांचाही गुरु एकच : टोमास ओ’क्रोहन. हा दुष्काळानंतर कांहीं वर्षांनीं जन्मलेला कोळी. शाळेंत तो इंग्रजी वाचावयास शिकला; मातृभाषा वाचावयास शिकला तो चाळिशीच्या सुमारास. वादळामुळें डनक्विनला अडकून पडलें कीं तो एका ओळखीच्या घरीं राही. त्या घरचीं मुलें शाळेंत आयरिश वाचावयास शिकत होतीं. तीं त्याला गोष्टी वाचून दाखवीत, आणि कंटाळलीं म्हणजे पुस्तक त्याच्याच हातीं देत. अशा रीतीनें लेंकरांनीं वडील माणसाला अक्षरें दिलीं.

१९१७ सालीं किलार्नीचा ब्रायन ओ’केली हा गृहस्थ बेटावर आला. त्यानें टोमासला आपलें जीवन लिहून काढण्याचा आग्रह केला. कोळ्याच्या आयुष्यांत लिहिण्यासारखें काय आहे, अशी टोमासला शंका! तेव्हां ओ’केलीनें त्याला रशियाच्या मॅक्झिम गॉर्कीचें आणि फ्रान्सच्या पिएर लोतीचें लिखाण वाचून दाखविलें, आणि सामान्य माणसांच्या कष्टांचेंही वाङ्मय होऊं शकतें हें त्याच्या मनावर ठसविलें. टोमासनें रोज कागद लिहून पाठविण्यास आरंभ केला. १९२८ सालीं त्याची दैनंदिनी प्रसिद्ध झाली व १९२९ सालीं आत्मचरित्र निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ ‘बेटकरी’. १९३४ सालीं फ्लॉवरनें त्याचा इंग्रजी अनुवाद केला.

या पुस्तकाची भाषा तुटक, कोरडी आणि बांधीव आहे. टोमासनें मुलांचे मृत्यु पाहिले : एक मुलगा पक्ष्याचें पिलूं धरतांना कड्यावरून पडला, कांहीं मुलें गोंवर व डांग्या खोकल्यानें गेलीं, आणि १९०९ सालीं समुद्रांत पोहतांना संकटांत सापडलेल्या मुलींना वांचविण्यासाठीं उडी घेतलेला दुसरा मुलगा बुडाला. हें सारें तो थोड्या वाक्यांत सांगतो आणि पुढच्या कामाकडे वळतो. ज्याच्या घरीं दुसऱ्या दिवशीं होडी काढावीच लागते, त्याला शोकाचा विस्तार परवडत नाहीं. आपल्यासारखीं माणसें पुढें राहणार नाहींत, म्हणून कोठें तरी त्यांची नोंद असावी, ही एकच इच्छा त्याच्या लिहिण्याच्या मुळाशीं होती. १९३७ सालीं तो वारला.

दुसरें पुस्तक पेग सेयर्स हिचें. पेग मूळची डनक्विनची. तिची जिवलग मैत्रीण अमेरिकेस गेली व तुझ्या तिकिटाचे पैसे पाठवीन म्हणून वचन देऊन गेली. पण तेथें मैत्रिणीच्या हाताला इजा झाली आणि तें तिकीट कधींच आलें नाहीं. पुढें एका रात्रीं बेटावरून मागणी आली. वडिलांनीं विचारलें, मुलीनें होकार दिला, आणि वराशीं फारशी ओळख नसतांना पेग नेव्होगमध्यें बसून सासरीं आली. आमच्या कितीतरी आज्यांची कथा याहून वेगळी असेल काय? पाळण्यांतलीं मुलें गेलीं, हाताशीं आलेला मुलगा कड्यावरून पडून गेला, पति गेला, उरलेलीं मुलें एकामागून एक अमेरिकेस गेलीं. पण पेगच्या मुखीं कथांचा अक्षय झरा होता. तिला आपली भाषा लिहितां येत नव्हती. म्हणून तिनें सांगितलें व मुलगा मायकेल यानें लिहून घेतलें. १९३६ सालीं ‘पेग’ हें पुस्तक निघालें. १९३५ सालीं स्थापन झालेल्या आयरिश लोककथा-मंडळाच्या जोसेफ डेली या संग्राहकानें तिच्या तोंडून तीनशेंहून अधिक कथा टिपल्या. तो डनक्विनच्याच शाळामास्तरांचा मुलगा होता. हे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज घेत, मग कागदावर उतरवीत, आणि नळकांडें खरवडून पुन्हां वापरीत. पैसाच तेवढा होता. त्यामुळें त्या काळच्या बहुतेक कथनकारांचे शब्द राहिले, आवाज गेले.

तिसरा लेखक मॉरिस ओ’सलिव्हन. तान्हेपणींच आई गेल्यामुळें तो डिंगलच्या एका संस्थेंत वाढला, आणि सातव्या वर्षाच्या सुमारास बेटावर परत आला तेव्हां त्याला आयरिश येतच नव्हती. आजोबांच्या सहवासांत तो ती शिकला. टॉमसननें त्याला अमेरिकेस न जाण्याचा सल्ला दिला. १९२७ सालीं तो पोलिसांत शिरला, आणि १९३३ सालीं त्याचें ‘वीस वर्षें वाढतांना’ या अर्थाच्या नांवाचें आनंदी, खेळकर पुस्तक बाहेर पडलें. त्याच वर्षीं निघालेल्या इंग्रजी अनुवादाला इ. एम्. फॉर्स्टर यांनीं प्रस्तावना लिहिली. फॉर्स्टर हें नांव मराठी वाचकांस परकें वाटूं नये. १९२१ सालीं देवास थोरली पातीच्या तुकोजीराव पवार महाराजांचे खाजगी चिटणीस म्हणून ते कांहीं महिने त्या मराठी दरबारांत राहिले होते. तेथील आठवणींचें त्यांचें पुस्तक १९५३ सालीं निघालें. योगायोग असा कीं, ब्लास्केटची कहाणी संपली तीही त्याच सालीं.

शेवट

ज्या वर्षांत बेटाची कीर्ति वाढत होती, त्याच वर्षांत बेट आंतून रिकामें होत होतें. खारवलेल्या मासळीचा अमेरिकेंतला बाजार पहिल्या महायुद्धानंतर बसला. तरुण मुलें मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड शहरीं जाऊं लागलीं. एकानें जावें, पैसे पाठवावे, मग धाकट्यानें जावें. मुली गेल्या, तेव्हां लग्नें थांबलीं. लग्नें थांबलीं, तेव्हां पाळणे थांबले. मुलांअभावीं १९४१ सालीं शाळा बंद झाली. १९४२ सालीं पेगहि डनक्विनला परतली.

१९४६ च्या नाताळांत एक चोवीस वर्षांचा तरुण मेंदूच्या तापानें अंथरुणाला खिळला. समुद्र खवळलेला, होडी निघेना. बाहेर निरोप धाडण्याचा टेलिफोन बंद. जानेवारी १९४७ मध्यें तो वैद्यावांचून आणि धर्मगुरूवांचून वारला. हें मरण बेटाच्या जिव्हारीं लागलें. त्याच वर्षीं एप्रिलांत पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना बेटावरून तार गेली : वादळानें कोंडलों आहोंत, खावयास कांहीं नाहीं, अन्न पाठवावें, असा तिचा आशय. डी व्हॅलेरा म्हणजे आयरिश भाषेचे कट्टर अभिमानी. त्या उन्हाळ्यांत ते स्वतः बेटावर येऊन गेले. पण आतां होडी ओढण्यास पुरेसे तरणे खांदेही बेटावर उरले नव्हते. अखेरच्या वर्षांत तेथें एकच मूल होतें. वृत्तपत्रांनीं त्याला ‘जगांतील सर्वांत एकाकी मुलगा’ म्हणून प्रसिद्धि दिली. समुद्रपक्षी हेच त्याचे सवंगडी.

१७ नोव्हेंबर १९५३ रोजीं बेट खालीं करण्यास आरंभ झाला. उरलेल्या बावीस माणसांना सरकारनें किनाऱ्यावर घरें दिलीं. कोणावर जबरदस्ती झाली नव्हती. त्यांनीं स्वतःच मागणी केली होती. डनक्विनच्या नव्या घरांच्या दारांतून जुनीं घरें स्पष्ट दिसत, हेंच काय तें त्यांचें सुख आणि हेंच त्यांचें दुःख.

मागें काय राहिलें?

पुढें ‘पेग’ हें पुस्तक शाळांतून अनेक वर्षें नेमलें गेलें. परीक्षेसाठीं घोकावें लागल्यामुळें कित्येक पिढ्यांना त्या बाईचा कंटाळा आला. सरकारनें १९८९ सालीं बेटाला राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान करण्यासाठीं कायदा केला. त्यांत १९५३ पूर्वींच्या रहिवाशांच्या वंशजांची जमीन वगळून इतरांची सक्तीनें घेण्याची तरतूद होती. जमीनमालक न्यायालयांत गेले, आणि अशा भेदभावामुळें तो कायदा रद्द झाला. डनक्विनला आतां ब्लास्केटचें सुंदर स्मृतिमंदिर आहे. तेथें हीं पुस्तकें, छायाचित्रें, हत्यारें पाहावयास मिळतात. उन्हाळ्यांत प्रवासी बेटावर जाऊन पडक्या भिंती पाहतात. २०२० सालीं तेथें उन्हाळ्यापुरता राखणदार हवा अशी जाहिरात निघाली, तेव्हां जगभरांतून हजारों अर्ज आले. ज्या बेटावर राहण्यास कोणी उरलें नव्हतें, तेथें राहण्यासाठीं ही रीघ!

यावर हंसावें कीं रडावें? आमच्या मतें या हकीकतींत दोन धडे आहेत. पहिला कडू आहे. भाषेचा गौरव करणें सोपें असतें. ती बोलणाऱ्यांना धक्का, वैद्य आणि रोजगार पुरविणें कठीण असतें. राष्ट्रानें ब्लास्केटचे शब्द डोक्यावर घेतले. पण ज्या तोंडांतून ते निघत, त्यांत घांस पडतो कीं नाहीं हें पाहण्यास उशीर केला.

दुसरा धडा आशेचा आहे, आणि तो प्रत्येक घरापुरता आहे. टोमासला कोणीतरी विचारलें म्हणून तो लिहूं लागला. पेगजवळ मुलगा लेखणी घेऊन बसला म्हणून ती उरली. हें ओळखून आयर्लंडमध्यें १९३७ ते १९३९ या काळांत एक सुंदर उपक्रम झाला. सुमारे पांच हजार प्राथमिक शाळांतील वरच्या वर्गांच्या मुलांना आठवड्याच्या निबंधाऐवजीं सांगण्यांत आलें कीं, घरीं जा, आजीआजोबांना व शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा : जुने खेळ, औषधें, सण, विहिरी, दुष्काळाच्या आठवणी, आणि ऐकाल तें वहींत लिहा. त्या वह्या आज राष्ट्राचा ठेवा मानल्या जातात. त्यांना ना पंडित लागले ना मोठें द्रव्य. लागलें तें विचारणारें मूल आणि उत्तर देणारें म्हातारें माणूस.

हीं दोन्ही माणसें ज्या घरांत एकाच छपराखालीं राहतात, त्यांना तर समुद्रहि ओलांडावा लागत नाहीं. माजघरांतल्या आजीला अमुक व्रताची कहाणी तिच्या माहेरीं कशी सांगत, आजोबांना त्यांच्या गांवच्या नदीच्या पुराची गोष्ट, हें आज रात्रीं जेवणें झाल्यावर विचारावें, आणि घरांतील शाळकरी मुलाच्या हातीं वही द्यावी. ब्लास्केटच्या घरांना आतां छपरें नाहींत. आमच्या घरांना अजून आहेत.